शिकार थांबली, काच पुढे गेली

रात्रीच्या अंधारात नेम कसा धरायचा, या प्रश्नाला देहूरोडने दिलेलं उत्तर सरळ आहे: आधी आकाशात दिवा लावा. इथल्या आयुध निर्माणीत प्रकाश देणारा, इशारा करणारा आणि धूर सोडणारा दारूगोळा तयार होतो. प्रकाशगोळा वर जाऊन फुटतो, छोट्या पॅराशूटला लटकत सावकाश खाली उतरतो आणि तेवढा वेळ खालचं रान, नाला, बांध सगळं उघडं पडतं. मात्र तो उजेड कुणा एकाचा नसतो. ज्याने गोळा उडवला त्यालाही दिसतं आणि ज्याला शोधायचं आहे त्यालाही. शत्रू जमिनीवर आडवा होतो, दिवा विझेपर्यंत हलत नाही आणि काळोख झाला की उठून दुसरीकडे निघून जातो.

देहूरोडला दारूगोळ्याचा शेजार नवा नाही. इथल्या लष्करी डेपोभोवती आखलेल्या 2000 यार्डांच्या ‘रेड झोन’ची चर्चा निगडी, तळवडे, रुपीनगरच्या चहाच्या टपरीवरसुद्धा चालते, कारण घर नियमित होणार की नाही हे त्या रेषेवर ठरतं. पण याच औद्योगिक पट्ट्यात, भोसरीच्या एमआयडीसीत, त्या जुन्या प्रश्नाचं दुसरं उत्तर गेली तीसेक वर्षं तयार होत आलं आहे आणि त्याची चर्चा फारशी कुठे होत नाही. तिथे दिवा लावत नाहीत. चांदण्यांचा जो काही उजेड आधीच पडलेला असतो, तोच एका नळीत घेऊन हजारो पटींनी वाढवतात.

देहूरोडचा गोळा आणि भोसरीची नळी, या दोहोंच्या मध्ये रायफलीवरच्या दुर्बिणीचा सगळा इतिहास मावतो. आपल्यापुरती त्यात एक गोष्ट फार विशेष आहे. शिकारीच्या दुर्बिणीची खरी भरभराट गेल्या पन्नास वर्षांतली. आणि नेमक्या याच पन्नास वर्षांत आपल्याकडे शिकार कायद्याने बंद होत गेली. जगात शिकाऱ्यासाठी घासली गेलेली काच महाराष्ट्रात आली ती जवानाच्या, नेमबाजांच्या पंचांच्या आणि वनखात्याच्या डॉक्टरांच्या हाती. म्हणून हा इतिहास आपल्याला वेगळा सांगावा लागतो.

त्याचं एक टोक मात्र आपल्याच भागाशी बांधलेलं आहे. डेव्हिड डेव्हिडसन नावाचा स्कॉटिश अधिकारी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात होता. हिंदुस्थानातल्या नोकरीतच त्याने शिकारीच्या रायफलीवर दुर्बीण बसवून पाहिली. मायदेशी परतल्यावर त्याने या कल्पनेचा पिच्छा सोडला नाही. 1860 च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या नेमबाजांनी ज्या इंग्लिश व्हिटवर्थ रायफली वापरल्या, त्यांतल्या काहींवर डेव्हिडसनची दुर्बीण होती. ती नळीच्या वर नव्हे, डाव्या अंगाला बसे. 1890 मध्ये त्याच्या आठवणींचं पुस्तक एडिंबरात निघालं. दुर्बिणीच्या रायफलीचा उल्लेख निघाला की अमेरिकेची आणि जर्मनीची नावं घेतली जातात. मुंबई लष्करातल्या या माणसाचं नाव त्यांच्या आधी घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

असं असूनही पुढची शंभर वर्षं हिंदुस्थानातल्या शिकाऱ्याने दुर्बिणीला जवळ केलं नाही. याला हट्ट कारणीभूत नव्हता. इथल्या शिकारीची रीतच वेगळी होती. रान उठवून केलेल्या हाक्यातून सावज निघायचं ते तीस-चाळीस पावलांवर, तेही पळतं. मचाणावर बसलं तर गाऱ्यावर, म्हणजे मारलेल्या जनावरावर, येणारा वाघ त्याहून जवळ. अशा वेळी मागची खाच आणि पुढची माशी जुळवायला जेवढा क्षण लागतो तेवढाच हाताशी असतो. त्यात मोठ्या जनावरासाठी वापरायच्या रायफलींचा धक्का इतका जबर की दुर्बिणीला डोळा लावून चाप ओढणाऱ्याची भुवई फुटलीच म्हणून समजा. कोल्हापूर संस्थानात तर काळविटाची शिकार पाळलेल्या चित्त्यांकरवी व्हायची. तिथे रायफलीचाच प्रश्न नव्हता, दुर्बीण कुठली. त्याच संस्थानाचं राखीव शिकारीचं रान, दाजीपूर, 1958 मध्ये अभयारण्य झालं.

खरी अडचण होती ती काळोखाची. जिम कॉर्बेटने रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या 1926 च्या मे महिन्यात मारला तेव्हा रायफलीला विजेची बॅटरी बांधलेली होती. ती क्षणभर लागली, त्या उजेडात त्याने गोळी झाडली आणि बॅटरी विझली. गोळी लागली की नाही हे त्याला तेव्हा कळलं नाही. आठ वर्षं गढवालच्या लोकांना रात्री घराबाहेर पडू न देणाऱ्या जनावराचा शेवट एका लुकलुकत्या दिव्यावर अवलंबून होता. देहूरोडचा प्रकाशगोळा आणि कॉर्बेटची बॅटरी यांचं कूळ एकच. दोघांनाही बघण्यासाठी आधी उजेड पाडावा लागतो.

त्या काळच्या दुर्बिणी अंधारात का कमी पडत, ते हिशेबाने कळतं. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परत फिरतो. साध्या दुर्बिणीत पाच भिंगं असतील तर पृष्ठभाग झाले दहा. दहा वेळा 4 टक्के गळती झाली की डोळ्यापर्यंत जेमतेम दोन-तृतीयांश प्रकाश पोचतो, आणि गळालेला प्रकाश नुसता वाया जात नाही, आतल्या आत फिरून चित्रावर धुरकट पडदा धरतो. मचाणावरच्या माणसाला संधिप्रकाशात हाच पडदा नडायचा. 1935 मध्ये झाइस कंपनीत काम करणाऱ्या अलेक्झांडर स्माकुला या शास्त्रज्ञाने काचेवर अतिपातळ लेप चढवून ही गळती कमी करण्याचं पेटंट घेतलं. जर्मनीने ते काही वर्षं लष्करी गुपित म्हणून सांभाळलं. 1971 मध्ये जपानच्या पेंटॅक्सने कॅमेऱ्याच्या भिंगांवर एकावर एक असे अनेक थर बाजारात आणले आणि हीच युक्ती दुर्बिणींत उतरली. प्रत्येक पृष्ठभागावरची गळती अर्ध्या टक्क्यापर्यंत आली, तर त्याच दहा पृष्ठभागांतून 95 टक्के प्रकाश पार होतो. दुर्बिणीच्या सगळ्या सुधारणांत मला ही सर्वांत मोठी वाटते. बाहेरून ती दिसतसुद्धा नाही. भिंग तिरपं धरलं की हिरवी-जांभळी झाक तेवढी उमटते.

दुसरा शत्रू होता दमटपणा. आपल्याकडे ज्याच्या घरी जुना कॅमेरा आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. चार पावसाळे कपाटात काढलेली दुर्बीण उजेडाकडे धरून पाहावी. काचेच्या कडेपासून आत पसरलेली पांढुरकी, फांद्या फुटलेली नक्षी दिसते. ती बुरशी असते. आधी ती लेप खाते, मग खुद्द काच खरवडते. नंतर कितीही पुसलं तरी जात नाही. शिवाय गारव्यातून उबेत आलं की आतली हवा भिंगावर धुकं धरते, आणि हे धुकं आतल्या बाजूचं असल्याने रुमालाने निघत नाही. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये असाच पाऊस पडतो. तिथल्या मार्कस ल्युपोल्डचं हरीण धुकं धरलेल्या दुर्बिणीपायी हुकलं आणि तो याहून चांगली दुर्बीण बनवण्याच्या जिद्दीला पेटला, अशी त्या घराण्याची कथा सांगितली जाते. 1940 च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या कंपनीने नळीतली दमट हवा काढून कोरडा नायट्रोजन भरायला आणि सांधे रबरी कड्यांनी बंद करायला सुरुवात केली. सह्याद्रीच्या पायथ्याला, जिथे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, तिथे या नायट्रोजनची किंमत भिंगापेक्षा कमी नाही.

बाकीच्या सुधारणा भराभर सांगता येतील. पूर्वी दुर्बिणीतली नेम धरायची फुली खरीखुरी तारेची असे, कधी कोळ्याच्या धाग्याचीसुद्धा; ती तुटे, ओघळे. पुढे ती काचेवर कोरली जाऊ लागली. 1962 मध्ये ल्युपोल्डनेच बाहेर जाड आणि मध्यावर बारीक अशा रेघांची फुली आणली. अंधूक उजेडात जाड रेघा नजर मध्याकडे नेतात आणि बारीक रेघा सावज झाकत नाहीत. आज बहुतेक शिकारी दुर्बिणींत तिचीच कुठली ना कुठली आवृत्ती असते. नेम वर-खाली करायचा तर पूर्वी फुलीच मध्यावरून सरके, डोळ्याला वेडंवाकडं वाटे. नंतरच्या रचनेत फुली मध्यावरच राहते आणि आतली नळी सरकते. नॉबच्या एका टिचकीला शंभर मीटरवर गोळी सुमारे 7 मिलिमीटर सरकते. आधी एकच ठरलेला मोठेपणा असे, चौपट म्हणजे चौपट. आता एकच दुर्बीण पाचपटीपासून पंचवीसपटीपर्यंत जाते. 1975 मध्ये स्वीडनच्या एमपॉइंटने लाल ठिपक्याची साइट आणली. तिच्यात मोठेपणा नाही, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे आणि ठिपका लक्ष्यावर न्यायचा. तिचा जन्म पळत्या सावजासाठी झाला. आपल्या हाक्यातल्या शिकाऱ्याला हवी होती ती नेमकी हीच गोष्ट.

पण तोवर इथला हाका बंद झाला होता. ताडोब्यात 1935 पासूनच शिकारीला मनाई होती आणि 1955 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. 1970 मध्ये देशभर वाघाच्या शिकारीवर बंदी आली. 1972 च्या गणतीत देशात वाघ निघाले अवघे 1,827. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत आपलं मेळघाट होतं. तारखा शेजारी ठेवून पाहा. 1971 मध्ये अनेक थरांचा लेप, 1972 मध्ये कायदा, 1975 मध्ये लाल ठिपका. काचेने अंधाराला हात घातला तोच शिकाऱ्याची परवानगी संपत आली होती. हा योगायोग मला आपल्या जंगलांचं भाग्य वाटतो. अनेक थरांच्या लेपाची आठपट दुर्बीण आणि जीप हे दोन्ही 1950 च्या दशकात एकत्र स्वस्त झाले असते, तर मोजायला 1,827 सुद्धा उरले नसते.

ज्यांना रानाचं वेड होतं त्यांनी मग वेगळी वाट धरली. व्यंकटेश माडगूळकर बंदूक घेऊन रानं हिंडलेले गृहस्थ. पुढे वही, रंग आणि हातातली दुर्बीण घेऊन ते नागझिऱ्यात राहिले आणि त्यातून मराठीला एक पुस्तक मिळालं. दोन डोळ्यांनी पाहायची दुर्बीण महाराष्ट्रात पसरली ती या वाटेने. रायफलीवरची मात्र सामान्य माणसाच्या हाती आलीच नाही. परवानाधारक शेतकऱ्याकडे असते ती इच्छापूरच्या कारखान्याची .315 रायफल: जुन्या लष्करी रायफलीच्या धाटणीची, पाच गोळ्यांची, खाच आणि माशीवर नेम धरायची.

काचेला खरा आश्रय मिळाला तो लष्करात. सोव्हिएत रशियाची ड्रागुनोव्ह रायफल आपल्या जवानांच्या पिढ्यांनी वापरली. तिच्यावरची दुर्बीण, पीएसओ-1, ही 1960 च्या दशकातली. मोठेपणा फक्त चौपट, पुढचं भिंग अवघं 24 मिलिमीटरचं. आज शिकारीच्या दुकानात कुणी तिच्याकडे पाहणार नाही. पण तिच्यातून एकदा पाहावं. मध्यावर फुली नाही, छतासारखी टोकदार खूण आहे. तिच्या खाली तशाच आणखी तीन खुणा, एकाखाली एक. त्या हजार मीटरच्या पुढच्या अंतरांसाठी. दोन्ही बाजूंना वाऱ्याचा हिशेब करायच्या बारीक रेघा. आणि डावीकडे खाली एक आडवी रेघ व तिच्यावर वळत उतरत गेलेली दुसरी तुटक रेघ. उभ्या माणसाचे पाय आडव्या रेघेवर ठेवायचे आणि डोकं वरच्या रेघेला कुठे टेकतं ते पाहायचं. तिथला आकडा गुणिले शंभर म्हणजे मीटरमधलं अंतर. सरासरी उंची 1.7 मीटर धरलेली. ना लेसर, ना संगणक. बॅटरी लागते ती फक्त खुणा उजळायला. नळीत नायट्रोजन भरलेला, डोळ्याशी रबराची वाटी. सियाचीनपासून राजस्थानपर्यंत, शेतकऱ्याच्या पोराला दोन दिवसांत शिकवता येईल असं हे यंत्र आहे. मोठेपणाचा आकडा म्हणजे दुर्बिणीचा दर्जा, असं मानणाऱ्यांनी ही चौपट काच जरूर पाहावी.

पीएसओ-1 मध्ये आणखी एक सोय आहे. एक छोटा पडदा मधे आणला की शत्रूने लावलेला अवरक्त दिवा दिसतो. सुरुवातीच्या रात्र-दुर्बिणींना असा डोळ्यांना न दिसणारा दिवा रायफलीवर बाळगावा लागे. न दिसणारा म्हणायचा, पण समोरच्याकडे तसंच यंत्र असेल तर आपण अंधारात कंदील धरून बसल्यासारखेच. म्हणजे प्रकाशगोळ्याचं दुखणं इथेही सुटलं नव्हतं.

ते सोडवणाऱ्या नळीचं काम भोसरीत चालतं. 1990 मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने नेदरलँड्सच्या डेल्फ्ट कंपनीबरोबर भागीदारीत बीई-डेल्फ्ट इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी स्थापन केली. पुढे ती पूर्णपणे भारत इलेक्ट्रॉनिक्सची झाली आणि बेल ऑप्ट्रॉनिक डिव्हायसेस, म्हणजे ‘बेलॉप’, या नावाने ओळखली जाऊ लागली. मोटारींचे सुटे भाग, प्रेस शॉप आणि फाउंड्री यांच्या गर्दीत तिथे प्रतिमा तीव्र करणाऱ्या नळ्या बनू लागल्या.

ही नळी हातात मावते. आत निर्वात पोकळी. चांदण्यांचा क्षीण प्रकाश पुढच्या पडद्यावर पडला की त्या पडद्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. त्यांच्या वाटेत नाण्याएवढी एक काचेची चकती असते आणि तिच्यात लाखो बारीक भोकं, एकेक भोक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. भोकाच्या भिंतीवर एक इलेक्ट्रॉन आदळला की अनेक बाहेर पडतात, ते पुढे आदळून आणखी सोडतात. पलीकडे हे सगळे हिरव्या चकाकणाऱ्या पडद्यावर आपटतात आणि जवानाला हिरवं चित्र दिसतं. एका भोकात धुळीचा कण अडकला तर चित्रात कायमचा काळा ठिपका राहतो. म्हणून हे काम धूळ गाळलेल्या खोलीत, अंगभर झगा घालून करावं लागतं. बाहेर भोसरीचा रस्ता, ट्रकचा धूर आणि लेथमधून उडणारा लोखंडाचा कीस. आत ही चकती. पिंपरी-चिंचवडची ओळख सांगताना आपण स्कूटर, ट्रक आणि टेम्पो मोजतो. त्या यादीत ही नळी नसते याची मला खंत वाटते.

या नळीमुळे प्रकाशगोळ्याचं दुखणं गेलं. बघणारा आता स्वतः काहीच उजेड पाडत नाही. पण तिलाही सीमा आहे. ढगाळ अमावस्येला, गच्च झाडीखाली वाढवायला प्रकाशच नसतो. शून्याला कितीही पटींनी गुणलं तरी शून्यच. आणि पाचोळ्यात दबून बसलेलं जनावर हिरव्या चित्रातही पाचोळ्यासारखंच दिसतं.

पुढची पायरी ही सीमा ओलांडते. प्रत्येक उबदार वस्तू उष्णतेच्या लहरी सोडते; त्या पकडल्या की प्रकाशाची गरजच उरत नाही. पूर्वी हे यंत्र अतिथंड ठेवावं लागे, त्यामुळे ते रणगाड्यावर किंवा विमानावर शोभे. अमेरिकेतल्या हनीवेल कंपनीने 1980 च्या दशकात थंड न करता चालणारा संवेदक तयार केला. उष्णतेने ज्याचा विद्युतरोध बदलतो अशा व्हॅनेडियम ऑक्साइडचे हजारो सूक्ष्म ठिपके त्यात असतात. 1990 च्या दशकात त्यावरचा गुप्ततेचा पडदा उठला. त्यानंतर अग्निशामक दलाच्या कॅमेऱ्यात, मोटारीत आणि अखेर शिकारीच्या रायफलीवर तो आला. गंमत म्हणजे या लहरींना साधी काच अपारदर्शक असते. खिडकीच्या तावदानापलीकडचा माणूस थर्मल कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यामुळे भिंग साध्या काचेचं चालतच नाही, बहुतेकदा जर्मेनियमचं लागतं. आणि चीनने 2023 च्या ऑगस्टपासून जर्मेनियमच्या निर्यातीवर नियंत्रण आणल्यापासून हा पदार्थ जगभरच्या कारखान्यांची डोकेदुखी झाला आहे.

याच काळात दुर्बिणीत संगणकही शिरला. लेसर अंतर मोजतो, आतली चिप गोळी किती खाली येईल याचा हिशेब करते आणि ठिपका त्या जागी नेऊन ठेवते. अमेरिकेत ट्रॅकिंगपॉइंट नावाच्या कंपनीने तर अशी रायफल विकायला काढली की सावजावर खूण करायची, चाप दाबून धरायचा आणि नळी नेमकी जुळल्यावर यंत्रच गोळी सोडतं. शिकारीला खेळ म्हणणाऱ्यांच्या देशांतही यावर वाद झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पाऊण किलोमीटरवर चरणाऱ्या हरणाला वास घ्यायची, कान टवकारायची संधीच मिळणार नसेल तर त्याला शिकार म्हणणं माझ्या जिभेवर येत नाही.

उलट दिशेला जाणारी एक शाळा आपल्या पुण्यात आहे. बालेवाडीच्या रेंजवर ऑलिंपिक पद्धतीची रायफल घेऊन उभ्या असलेल्या मुलामुलींच्या साइटमध्ये मोठेपणा देणारं भिंग नसतं. नियमच तसा आहे. मागे बारीक छिद्र, पुढे कडं, आणि त्या कड्यात काळा गोल मध्यावर बसवायचा. दहा मीटरच्या एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत यांनी याच छिद्रातून जग जिंकलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा आणि तेव्हा पुण्यात मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्निल कुसाळे 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनला कांस्यपदक घेऊन आला, तेही 451.4 गुणांनी, या छिद्रातूनच. तिथे दुर्बिणी असतात त्या प्रशिक्षकांकडे आणि पंचांकडे.

आता राहिलं रान. जुन्नर, आंबेगाव, शिरूर हे तालुके चाकणच्या कारखान्यांपासून दूर नाहीत. कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला आणि उसात बिबट्याची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती झाली. त्याला पकडायचं तर बेशुद्ध करणारी बंदूक लागते, आणि तिचा नेम रायफलीहून अवघड असतो. डार्ट म्हणजे औषध भरलेली जड सिरिंज. ती हळू जाते, चटकन खाली येते. वायूचा दाब अंतराप्रमाणे ठरवावा लागतो. वीस मीटरचं अंतर तीस धरलं तर सुई हाडात घुसते, तीसचं वीस धरलं तर पायाशी पडते. लागायला हवी मांडीच्या किंवा खांद्याच्या स्नायूत. म्हणून शिकाऱ्यासाठी निघालेला लाल ठिपका आणि लेसरचं अंतरमापक इथे पशुवैद्यांच्या कामी येतात. औषध चढायला काही मिनिटं जातात, तेवढ्यात बिबट्या उसात नाहीसा होतो. पूर्वी काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन माणसं त्याच्या मागे सरीत उतरत आणि जखमी होत. आता थर्मल ड्रोन वरून पाहतो.

काच आणि संवेदक असले म्हणून सगळं नीट होतं असं मात्र नाही. यवतमाळ जिल्ह्यातली अवनी वाघीण 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीजवळ गोळी घालून मारली गेली. कित्येक आठवड्यांच्या त्या मोहिमेत ड्रोन होते, कॅमेरे होते, हत्तीही आणले होते. तरी शेवट अंधारात, गाडीतून झाडलेल्या गोळीने झाला आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत नियम मोडल्याचे ताशेरे आले. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर होते, हे विसरून त्या मोहिमेविषयी बोलता येत नाही. आणि ठरवून दिलेली कार्यपद्धती गुंडाळून ठेवली गेली हेही विसरता येत नाही.

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याने तीन जणांचा जीव घेतला, त्यांत दोन लहान मुलं. लोक रस्त्यावर उतरले, महामार्ग अडला. वनखात्याने परवानगी काढून पथक आणलं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री थर्मल ड्रोनने बिबट्या हेरला, आधी त्याला बेशुद्ध करायचा प्रयत्न झाला, तो फसला, आणि मग नेमबाजांनी गोळी झाडली. कॉर्बेटच्या विझत्या बॅटरीपासून इथवर सुमारे शंभर वर्षांचं अंतर आहे. जनावराचा माग काढणं त्या वेळी महिनोन्‌महिने चालायचं, इथे ते काही दिवसांत झालं. तरी ज्या घरांतली मुलं गेली त्यांच्यासाठी ते काही दिवसही फार होते.

उसाच्या दाट पाल्याआडची ऊब थर्मल कॅमेऱ्यालाही पकडता येत नाही. सरींच्या फटीतून दिसेल तेवढंच. म्हणून या भागात खरा उलगडा होतो तो गाळप हंगामात. तोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात, कधी डोळेही न उघडलेली. वनखात्याचे लोक आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर ती तपासतात आणि अंधार पडल्यावर जिथे सापडली तिथेच क्रेटमध्ये ठेवतात. अवरक्त दिव्याचा कॅमेरा लावून माणसं दूर गाडीत बसतात. आई बहुतेकदा त्याच रात्री येते, क्रेट पाडते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून शेजारच्या न तोडलेल्या फडात नेते. ती आली नाही, तर दुसऱ्या रात्री पुन्हा क्रेट ठेवतात.